वयाच्या 51 व्या वर्षी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: स्लीव्ह की बायपास? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार. मी 51 वर्षांची असून नागपुरात नोकरी करते. माझी उंची 156 सेंटिमीटर आणि वजन 101 किलो आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) साडेएक्केचाळीसच्या आसपास. मधुमेहाला नऊ वर्षे झाली असून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड नियमित घेऊनही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.4 टक्के आली आहे. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास (स्लीप ॲप्निया) तपासणीत मध्यम स्वरूपाचा निघाला. पाळी थांबली आहे आणि गुडघ्यांमुळे जिना चढणे कठीण झाले आहे. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरलेले वजन दरवेळी परत चढले, त्यामुळे चालणे आणि भात सोडणे यांपलीकडचा सल्ला मला हवा आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, ही शस्त्रक्रिया दीडशे-दोनशे किलो वजनाच्या माणसांसाठी असते, आपल्यासारख्यांनी पोटाला कात्री का लावून घ्यावी? त्यांची काळजी मला समजते. परंतु या विषयातील एका अमेरिकन आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 मध्ये निकष बदलले आणि आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी 27.5 बीएमआयपासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सांगितले. मी त्या रेषेच्या बरीच पुढे आहे. मधुमेह जितका जुना होतो तितकी तो आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते, आणि इन्सुलिन अजून सुरू झालेले नाही, म्हणून आणखी पाच वर्षे वाट पाहणे मला परवडणारे नाही असे वाटते.

खरी अडचण निवडीची आहे. धंतोलीतील एका शल्यचिकित्सकांनी स्लीव्ह सुचवली. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी होते. आतड्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. मात्र मला छातीत जळजळीचा जुना त्रास आहे आणि एंडोस्कोपीत लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) व अन्ननलिकेला थोडी सूज दिसली. रामदासपेठेतील दुसऱ्या डॉक्टरांनी हा अहवाल पाहून स्पष्ट सांगितले की, त्या अरुंद नळीत दाब वाढतो, आम्ल वर येते, आणि माझ्यासारख्या रुग्णावर पुढे स्लीव्हचे बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात) रूपांतर करण्याची वेळ येऊ शकते; तेव्हा आधीच बायपास करावी. पहिल्या डॉक्टरांच्या मते हर्निया त्याच वेळी दुरुस्त केला की पुरेसे होते. दोघांनीही मला भरपूर वेळ दिला आणि दोघांचे अनुभव मोठे आहेत, म्हणूनच मी अधिक संभ्रमात आहे. ज्यांना आधीपासून जळजळ होती आणि तरीही ज्यांनी स्लीव्ह करून घेतली, त्यांना आज रात्री आडवे झाल्यावर कसे वाटते? आम्लाची गोळी रोज घ्यावी लागते का?

बायपासचा कौल मला पटतो आहे, पण तिच्यात लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो आणि लोह, कॅल्शियम, बी12 यांचे शोषण घटते. आमचे घर शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिननेही बी12 कमी होते. माझे ते आताच कमी आहे. हाडांची झीज बायपासनंतर अधिक होते आणि पाळी थांबल्यावर तर ती आपोआपच सुरू झालेली असते. या वयातील स्त्रियांनी शस्त्रक्रियेपूर्वी हाडांची घनता मोजून घेतली होती का, आणि नंतर ती किती उतरली, हे कळले तर फार मदत होईल. शिवाय बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर आणि आतड्याच्या जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, म्हणून त्या टाळायला सांगतात. मग गुडघे दुखू लागले की तुम्ही काय घेता?

रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतील असे सांगितले आहे. एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न जाणार असेल, तर वरण, झुणका, पनीर आणि दही यांवर हे गणित बसते का, की प्रथिनांची पावडर कायमची घ्यावी लागते? जेवण मीच करते. सासूबाई 80 च्या पुढच्या आहेत आणि त्यांना वेळेवर गरम जेवण लागते, त्यामुळे पहिल्या महिन्यात घरी काय व्यवस्था केली होती हेही सांगावे.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा पर्याय आमच्या फिजिशियननी मांडला होता. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, हे वाचल्यावर आयुष्यभर त्या खर्चात अडकायला मन तयार होत नाही.

विम्याबाबत एक नेमका प्रश्न आहे. विमा नियामकाच्या ठरावीक अटींनुसार बीएमआय 40 किंवा अधिक असेल तर दावा ग्राह्य धरता येतो. 35 ते 40 मध्ये असेल तर तीव्र स्लीप ॲप्निया, हृदयविकार किंवा उपचारांना न जुमानणारा मधुमेह असावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी यकृत आकसावे म्हणून दोन आठवडे द्रव आहार देतात. त्यात चार किलो वजन उतरले तरी मी 40 च्या खाली येते, आणि माझा ॲप्निया मध्यम आहे, म्हणजे आधार फक्त मधुमेहाचा उरतो. मग कंपनी कोणते वजन धरते: पूर्वमंजुरीच्या अर्जातले की दाखल होण्याच्या दिवशीचे? ज्यांनी कॅशलेस दावा केला आहे त्यांनी कोणती कागदपत्रे आधी जमवली होती, हे कृपया लिहावे.

शेवटचा प्रश्न वेळेचा. शस्त्रक्रियेनंतर पाणी घोटाघोटाने प्यावे लागते आणि शरीरातील पाणी कमी होऊन पुन्हा दाखल व्हावे लागण्याची उदाहरणे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून दिवाळीनंतर लगेच करून घ्यावी असा विचार आहे. विदर्भातील ज्यांनी उन्हाळ्यात शस्त्रक्रिया केली, त्यांना दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी पोटात जाण्यास किती आठवडे लागले? कार्यालयात रजेचा अर्ज त्या हिशेबाने द्यायचा आहे.