गाणे माझे, ध्वनिमुद्रण मित्राच्या खोलीतले: लेबलच्या करारावर सही करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

तंबोरा_मिरज यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत नोकरी करतो आणि गेली चार वर्षे मराठी गाणी लिहून, त्यांना चाली लावून स्वतःच गातो. आतापर्यंत सात गाणी प्रसिद्ध झाली आहेत. त्यांचे संगीत संयोजन आणि मिक्सिंग माझ्या शाळेपासूनच्या मित्राने त्याच्या घरी, गाद्या भिंतीला टेकवून केलेल्या खोलीत केले. वादकांचे मानधन, मास्टरिंग आणि एक नवा माईक यांचा मिळून ४६,००० रुपये खर्च मी केला. मित्राने स्वतःच्या कामाचे काही घेतले नाही. मला त्यातले तांत्रिक काही कळत नसल्याने यूट्यूबची वाहिनी त्याच्या ईमेलवर उघडली गेली आणि वितरकाकडचे, म्हणजे गाणी ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडचे, खातेही त्याच्याच नावाने, त्याच्याच पॅनवर आहे. चौदा महिन्यांत तिथे ८,४१२ रुपये जमा झाले, म्हणून आजवर कोणी काही विचारले नाही.

आता एका लेबलने, म्हणजे संगीत कंपनीने, सातांपैकी दोन गाण्यांसाठी प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले आहेत. करारनामा पाच पानी आहे आणि त्यात ‘सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द आहेत. मित्राचे म्हणणे असे की गाणे जेवढे माझे तेवढेच त्याचे, त्यामुळे रक्कम निम्मीनिम्मी व्हावी. त्यातच गेल्या महिन्यात मी एका कार्यक्रमात गायलेल्या माझ्याच गाण्याच्या चित्रफितीवर हक्काचा दावा आला, आणि तो दावा आमच्याच वितरकाच्या खात्यातून लागल्याचे निघाले. शिवाय लेबलला हव्या असलेल्या दोन गाण्यांपैकी एकाचे शब्द माझे नसून एका दिवंगत कवींच्या प्रकाशित कवितेचे आहेत. मैत्री न तोडता हे सगळे कुठून सोडवायला घ्यावे?

काळी_दोन यांचे उत्तर

मी पुण्यात गेली बारा वर्षे संयोजन करतो, म्हणजे आपल्या मित्राच्या बाजूचा माणूस आहे. तरीही ‘निम्मे’ हा शब्द मला घाईचा वाटतो. गाण्यात दोन वेगवेगळ्या मिळकती असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल; दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचे प्रत्यक्ष तयार झालेले मास्टर. रचना आपली आहे. तेच गाणे उद्या दुसऱ्या कोणी गायले, तर त्याच्या मास्टरशी आपल्या मित्राचा काही संबंध उरत नाही, पण रचनाकार म्हणून आपला संबंध कायम राहतो. मास्टरच्या बाबतीत मात्र मित्राचा वाटा खरा आहे, कारण त्याचे शेकडो तास त्यात गेले आहेत आणि त्याने त्यांचे बिल लावलेले नाही.

एक गोष्ट आपण दोघांनी गाणी ऐकत बसून तपासावी. आपल्याकडे सुरुवातीचा तुकडा आणि अंतऱ्यांमधले म्युझिक पीस बहुधा संयोजकच रचतो. तो तुकडा केवळ सजावट म्हणून राहिला असेल तर प्रश्न नाही, पण एखाद्या गाण्यात त्याने सुचवलेली सुरावट थेट मुखड्यात आली असेल, तर त्या गाण्यापुरता तो चालीचाही भागीदार ठरतो. मी प्रत्येक गाण्यासाठी दोनशे पानी वहीचे एक पान ठेवतो: गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाद्ये कोणी वाजवली, कोणाला किती रोख दिले, मास्टरच्या उत्पन्नात कोणाचे किती टक्के, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. ध्वनिमुद्रण संपल्यावर चहा येतो तेव्हाच हे पान फिरवायचे, कारण त्या वेळी गाण्याला किंमत नसते आणि कोणी टक्क्यांवरून रुसत नाही. २५,००० रुपये समोर दिसल्यावर तेच पान भरणे किती कठीण जाते, हे आपण अनुभवतच आहात.

चित्रफितीवर आलेला दावा घाबरण्यासारखा नाही. वितरकाकडे गाणे देताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा पर्याय निवडला गेला असेल, तर ती यंत्रणा जुळणारा आवाज दिसला की आपोआप दावा लावते. आपण कार्यक्रमात मित्राचाच ट्रॅक लावून गायला असाल, म्हणून तो जुळला. वितरकाला कळवून आपली वाहिनी अपवादांच्या यादीत टाकून घ्यावी. मात्र मित्राने कुठे विकत घेतलेला तयार बीट किंवा लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार सुरांचा वा तालाचा तुकडा) वापरला आहे का, हे विचारावे. तोच लूप शेकडो लोकांकडे असतो आणि अशा गाण्याला कंटेंट आयडी लावला, तर आपण परक्यांवर दावे लावत सुटतो.

एक चूक माझ्या पदरची सांगतो. वितरक बदलताना मी माझी चार गाणी नव्याने चढवली आणि जुने आयएसआरसी क्रमांक दिले नाहीत. हा बारा वर्ण-अंकांचा क्रमांक म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख असते. तो बदलला की यंत्रणेच्या लेखी ते नवेच गाणे होते. तीन वर्षांत जमलेले आकडे आणि लोकांच्या याद्यांमधले स्थान त्या एका दुपारी गेले. आपल्या सातही गाण्यांचे क्रमांक आजच मित्राकडून उतरवून घ्या.

वकीलपत्र यांचे उत्तर

करारनामा न वाचता त्यावर मत देणे योग्य नाही, तरी आपण दिलेल्या शब्दांवरून काही सांगता येते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात कोणते हक्क, किती काळ व कोणत्या प्रदेशासाठी हे लिहावे लागते. कालावधी लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. म्हणूनच लेबलची माणसे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द विसरत नाहीत. पुढे येणाऱ्या माध्यमांबद्दल मात्र २०१२ च्या दुरुस्तीने रचनाकाराला संरक्षण दिले आहे: हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नेमके नमूद केल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. ‘पुढे येणारी सर्व माध्यमे’ अशा मोघम शब्दांनी ही अट भागते असे लेबलने गृहीत धरू नये, आणि आपणही वादाला जागा न ठेवता ते वाक्य काढायलाच सांगावे.

त्याच दुरुस्तीतील दुसरी तरतूद आपल्यासाठी अधिक मोलाची आहे. चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणासाठी शब्द किंवा चालीचे हक्क दिले, तरी त्या रचनेच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा मागण्याचा रचनाकाराचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही. तेव्हा २५,००० रुपये घेऊन आपला रचनेशी संबंध संपला, असे लेबलच्या प्रतिनिधीने तोंडी सांगितले तरी ते मनावर घेऊ नये. हा वाटा गोळा करायचा तर आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची आहे. केवळ सदस्य होऊन भागत नाही, प्रत्येक रचना वाट्यांसह नोंदवावी लागते. गायक म्हणून मिळणारी रॉयल्टी वेगळी असते; त्यासाठी २०१३ साली स्थापन झालेली गायकांची स्वतंत्र संस्था आहे.

ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे कायद्याच्या भाषेत ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. वादक आपण ठरवले आणि पैसे आपण दिले असतील, तर आपली बाजू भक्कम आहे. त्यासाठी बँकेचे आणि यूपीआयचे तपशील जपून ठेवावेत. तथापि न्यायालयात जिंकता येईल म्हणून मित्राला शून्य देणे, हा मी देणार नाही असा सल्ला आहे.

कवितेबद्दल. कवीच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले त्यांच्याकडे राहतात. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कवितांना आज कोणाची परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. आपल्या कवींचे हक्क शिल्लक असतील, तर ते गाणे लेबलला देणे दूरच, आज ते विनापरवाना प्रसिद्ध आहे. करारातील ‘सर्व हक्क माझे आहेत’ या हमीच्या कलमावर सही केल्यास उद्याची नुकसानभरपाई आपल्या अंगावर येईल. आधी वारसांना पत्र लिहा. मराठी कवींची कुटुंबे बहुधा पैशांपेक्षा विचारले न गेल्याने दुखावलेली असतात, असा माझा अनुभव आहे.

जमाखर्च यांचे उत्तर

मी कोल्हापुरात हिशेब तपासण्याचे काम करतो. माझ्याकडे काही गायक आणि दोन वाद्यवृंद येतात. वरचे वाचून फक्त पैशांपुरते लिहितो.

वितरकाचे खाते मित्राच्या पॅनवर आहे, याचा अर्थ प्राप्तिकर विभागाच्या दृष्टीने ते उत्पन्न मित्राचे आहे. ८,४१२ रुपयांत हे कोणी विचारत नाही, पण लेबलची रक्कम त्याच वाटेने आली तर कर त्याच्या विवरणपत्रात आणि पैसे आपल्याकडे, असा घोळ होईल. लेबल किंवा आयोजक रॉयल्टी व मानधनातून साधारणपणे दहा टक्के कर कापून पैसे देतात. पॅन दिला नाही तर वीस टक्के जातात. कापलेला कर आपल्या पॅनवरच्या प्राप्तिकर नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरून परतही मिळतो, परंतु माझ्याकडे येणारे निम्मे कलाकार ‘दहा टक्के कमिशन गेले’ असे समजून तो सोडून देतात.

गाण्यासाठी वेगळे बचत खाते उघडावे. त्यात वाहिनीचे, वितरकाचे आणि कार्यक्रमांचे पैसे यावेत आणि खर्चही त्यातूनच जावा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः लागत नाही. लोककला आणि शास्त्रीय कलाप्रकारांच्या सादरीकरणाला दीड लाख रुपयांच्या मानधनापर्यंत सूट आहे, पण गिटारवरची भावगीते त्यात बसतात असे आपणच ठरवू नये.

ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवांकडून (स्ट्रीमिंगमधून) येणाऱ्या पैशांचा भरवसा धरू नका. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी देणे बंद केले आहे. आपल्या सातांपैकी किती गाणी त्या रेषेपलीकडे जातात ते पाहा. माझ्या एका अशिलाने गेल्या दिवाळीत ४०,००० रुपयांची कार्यक्रमाची सुपारी घेतली. तीन साथीदार, साउंडवाला, गाडी आणि रात्रीचे जेवण वजा जाता त्याच्या हातात ६,३०० रुपये राहिले, आणि तरीही ती रक्कम त्याच्या वर्षभराच्या ऑनलाइन उत्पन्नापेक्षा मोठी होती. पुढच्याच कार्यक्रमात अवकाळी पावसाने मंडप भिजला आणि आयोजकाने फोन उचलणे बंद केले. निम्मा इसार आधी खात्यात घेतला होता, म्हणून साथीदारांना तरी देता आले.

तंबोरा_मिरज यांचे पुन्हा लेखन

सर्वांचे आभार. रविवारी मित्राच्या गच्चीवर बसून सातही गाणी ओळीने ऐकली. दोन गाण्यांत त्याने वाजवलेला सुरुवातीचा तुकडाच मुखड्यात आला आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच स्पष्ट ऐकू आले. त्या दोन्हींच्या चालीत त्याचा पंचवीस टक्के वाटा लिहिला. मास्टरच्या उत्पन्नातून आधी माझे ४६,००० वसूल व्हावेत आणि नंतर साठ-चाळीस व्हावे, असे त्यानेच सुचवले. वाहिनीवर मला मालक म्हणून जोडले आहे. प्राथमिक मालकी सात दिवसांनी बदलता येईल. वितरकाच्या खात्यात उत्पन्नाची वाटणी थेट दोन बँक खात्यांत करण्याची सोय आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

कवितेचे गाणे तूर्त सगळीकडून उतरवले असून कवींच्या कन्येला पत्र पाठवले आहे. लेबलला कालावधी पाच वर्षे करावा आणि हक्क केवळ मास्टरपुरते असावेत असे कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: मसुदा सर्वांना सारखाच असतो, बदल होणार नाही. तेव्हा दुसरे गाणेही आमच्याकडेच राहील.

एकच शंका उरली आहे. आमचा वाटणीचा कागद साध्या वहीच्या पानावर आहे. तो मुद्रांकावर करावा का?

वकीलपत्र यांचे उत्तर

करावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारनाम्याला १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. सातही गाण्यांचा तक्ता एकाच कागदाला जोडा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, आणि वहीचे मूळ पान फाडून टाकू नका.