गच्चीवरून दिसलेलं हावडा शेडचं इंजिन

सचिव: सकाळी साडेसहाला गच्चीचं दार सताड उघडं होतं. कोण गेलं होतं वर?

बी-403: मी गेलो होतो. सी-102 चा मुलगा सोबत होता. वॉचमनला सांगायला हवं होतं, चुकलं. पुण्याकडच्या गाडीला हावडा शेडचं डब्ल्यूएपी-7, म्हणजे विजेवर चालणारं इंजिन, लागलंय, असं त्याच्या मित्राने कल्याणहून कळवलं होतं.

ए-204: काका, इंजिन ते इंजिन. हावड्याचं काय नि कल्याणचं काय?

बी-403: सांगतो. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव लिहिलेलं असतं. कर्जतला रोज कुठली इंजिनं येतात हे आम्हाला पाठ आहे, म्हणून परकं आलं की लगेच डोळ्यात भरतं. आणि पूर्वी हे इंजिन इथे येऊच शकलं नसतं! मुंबई-पुणे मार्गावर रुळांवरच्या विजेच्या तारेत 1500 व्होल्ट डीसी होता, देशात बाकी बहुतेक ठिकाणी 25,000 व्होल्ट एसी. फक्त एसीवर चालणारं इंजिन आपल्या तारेखाली निरुपयोगी. म्हणून कल्याण शेडची डब्ल्यूसीएएम-3 इंजिनं होती, दोन्हीवर चालायची. डेक्कन क्वीनला मी वर्षानुवर्षं तीच बघितली. तारेत एसी आला आणि बाहेरच्या इंजिनांना वाट मोकळी झाली.

ए-204: हे माहीत नव्हतं.

सी-102: आमच्या मुलाने वहीत नंबर लिहून ठेवलाय. शाळेत जाईपर्यंत तेच चालू होतं.

ए-101 आजी: मला कर्जतचे बँकर, म्हणजे घाट चढायला मागून जोडतात ती इंजिनं, आवडतात. गाडी थांबते, मागे इंजिनं लागतात, बारीकसा धक्का बसतो. मग वडेवाला. माहेरी जाताना तो धक्का बसला की घाट आला म्हणायचो.

बी-403: आजी, 1 ला 37 चा चढ आहे तो, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. गाडीला मागून रेटा लागतोच. वर सोडून बँकर जोडीनेच परत उतरतात, ते बघायला मी आजही थांबतो. वंदे भारतला मात्र बँकर लागत नाहीत, तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत.

सचिव: ठीक आहे. पण रुळांजवळ उभं राहून फोटो काढायचे नाहीत, मुलांनी तर मुळीच नाही.

बी-403: कधीच नाही. म्हणून तर गच्ची.

ए-101 आजी: पुढच्या वेळी माझी बेल वाजवा. जिना हळूहळू चढेन.

सचिव: किल्ली वॉचमनकडे ठेवतो. सही करून घ्या, उतरताना टाकीकडचं दार लावा.