चिनी ऑपेराचं तिथल्या आजच्या नाटकात खरंच काही उरलंय का?

घोडबंदरकर:
मंडळी एक शंका आहे. आमचा ठाण्यात हौशी ग्रुप आहे, यंदाच्या एकांकिकेत चिनी ऑपेराचं (त्यांचं गाणं, अभिनय, कसरती असलेलं पारंपरिक नाटक) काहीतरी वापरायचं डोक्यात आहे. कारण यूट्यूबवर एक प्रसंग बघितला, स्टेजवर लख्ख उजेड, मध्ये फक्त एक टेबल आणि दोघं जण काळोखात असल्यासारखे एकमेकांना चाचपडतायत, तलवार नाकाच्या शेंड्यावरून जाते तरी समोरच्याला पत्ता नाही! येडा झालो बघून. पण आमचा दिग्दर्शक म्हणतो ही सगळी म्युझियममधली कला, तिकडचं आताचं नाटक आपल्यासारखंच सोफासेटवालं गद्य नाटक. खरंय का?

तिसरी_घंटा:
दिग्दर्शक अर्धा बरोबर आहे. गद्य नाटक तिकडे बाहेरूनच आलं, 1907 मध्ये टोकियोत शिकणाऱ्या चिनी पोरांनी पाश्चात्त्य नाटकं केली तिथपासून धरतात. पुढे 1918 च्या सुमाराला सुधारकांनी तर जुना ऑपेरा म्हणजे मागासलेपणा, मोडीत काढा असाच धोशा लावला होता. आणि 1935 ला मेई लानफांग मॉस्कोला गेला (ऑपेरातला नट, पुरुष असून स्त्रीभूमिका करायचा, आपल्या बालगंधर्वांच्याच काळातला), तिथे जर्मन नाटककार ब्रेख्टने त्याचं काम पाहिलं आणि नटाने पात्रात विरघळून जायचं नाही, पात्र दाखवायचं, हे त्याला तिथे लख्ख दिसलं, त्यावर त्याने लेखही लिहिलाय.

खरा माणूस मात्र च्याओ च्यूयिन. आधी ऑपेराची शाळा चालवलेला, मग पॅरिसला शिकून आलेला. बीजिंग पीपल्स आर्ट थिएटरमध्ये त्याने 1958 ला लाओ शंचं 'टीहाउस' बसवलं. गाणं नाही, रंगवलेले चेहरे नाहीत, पण साठच्या वर पात्रं, तीन अंकात जवळपास पन्नास वर्षं, एवढ्या गर्दीत माणूस ओळखू कसा यायचा? तर ऑपेरात नट एंट्रीला क्षणभर थबकतो ना, पोज धरतो, ती युक्ती त्याने साध्या कपड्यातल्या माणसांना दिली. आत पाऊल टाकल्याबरोबर हा कोण, किती पाण्यात आहे ते कळतं. मला विचाराल तर परिणाम म्हणतात तो हाच. मुखवटे आणि झेंडे लावणं म्हणजे गॅदरिंग.

वाशीची_मावशी:
अरे पण तू सगळं एका बाजूनेच सांगतोयस. ऑपेरापण बदललाच की नाटकामुळे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातले 'मॉडेल ऑपेरा' बघ, साधे कपडे, खरं नेपथ्य आणि पाश्चात्त्य वाद्यं. मग 80 च्या दशकात नाटककार गाओ शिंगच्यान वगैरे मंडळी उलट म्हणाली की ऑपेरात नट स्टेजवरच्या एका फेरीत गाव ओलांडतो तर गद्य नाटकाने दिवाणखान्यात का अडकून बसायचं. आणि तैवानमध्ये 1986 ला मॅकबेथच ऑपेराच्या अंगाने केला, तो पारंपरिक म्हणायचा की आधुनिक, मला तरी सांगता येणार नाही.

नेपथ्यवाला:
एक राहिलं. ब्रेख्टच्या ज्या नाटकावरून आपल्याकडे खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' आलं त्याचं मूळ युआन काळातल्या (तेरावं-चौदावं शतक) चिनी नाटकात आहे, खडूचं वर्तुळ आणि पोरावर हक्क सांगणाऱ्या दोन बायका. म्हणजे हा माल आपल्याकडे केव्हाच येऊन पोचलाय, फक्त व्हाया जर्मनी 😄

घोडबंदरकर:
हे भारीच. मग आम्ही घ्यायचं काय नक्की? तलवारबाजी तर झेपणार नाही.

तिसरी_घंटा:
नकोच दादा, ती पोरं लहानपणापासून घासतात. तू तालवाद्य घे. ऑपेरात छोट्या ढोलावरचा माणूस सगळ्या वादकांना चालवतो आणि त्याची नजर नटावर असते, पाऊल, मान, बुबुळ फिरलं तरी ठोका पडतो. तुमच्या ढोलकीवाल्याला शेवटच्या आठवड्यात नाही, पहिल्या तालमीपासून बसवा.

घोडबंदरकर:
ढोलकीवाला कळव्याचा आहे, फक्त शनिवारी येतो. दिग्दर्शकाला सांगून बघतो.