घरी बांधलेल्या विमानातील पर्यायी वीजपुरवठा: दुसरी बॅटरी पुरेशी आहे का?

प्रश्न

मी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाच्या इंजिनाला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीसाठी वीज निर्माण करणारी उपकरणे) नाहीत. इग्निशन आणि इंधन इंजेक्शन दोन्ही इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे वीज गेली की इंजिनही थांबणार. सध्याच्या आराखड्यात एक अल्टरनेटर आणि १७ अँपिअर-तासांची एक लेड-ॲसिड बॅटरी आहे. इंधनपंपाला ५, इंजेक्शनचा संगणक व इंजेक्टर यांना ४, इग्निशनला २ आणि रेडिओ व उपकरणांना ३, असे एकूण १४ अँपिअर लागतात. तशीच दुसरी बॅटरी कायम समांतर जोडून ठेवली, तर अल्टरनेटर बंद पडल्यावर सव्वादोन तासांहून अधिक वेळ मिळेल, असा माझा हिशेब आहे. या मांडणीत काही उणीव दिसते का?

पहिले उत्तर

बॅटरीवर छापलेली क्षमता बहुधा वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते, म्हणजे आपल्या बॅटरीतून एक अँपिअरही काढला जात नाही तेव्हाची. वापर वाढला की मिळणारी क्षमता घटते, थंडीत आणखी घटते, आणि बॅटरी जुनी होत जाते ते वेगळेच. शिवाय इंजेक्शनचा संगणक किती व्होल्टपर्यंत काम करतो हे पाहावे लागेल. त्याखाली उरलेली ऊर्जा आपल्या कामाची नाही. दोन्ही बॅटऱ्या मिळून दीड तासापेक्षा अधिक धरू नये, असे मी म्हणेन.

मात्र वेळेपेक्षा जोडणीची मला अधिक काळजी वाटते. कायम समांतर असलेल्या बॅटऱ्यांपैकी एकीचा एखादा सेल शॉर्ट झाला, तर ती दुसरीलाही रिकामी करते. दोन्हींच्या तारा एकाच कॉन्टॅक्टरवर (कॉइलने चालणाऱ्या मोठ्या विद्युत स्विचवर) येत असतील आणि दोन्हींचे अर्थिंग एकाच बोल्टला असेल, तर तो बोल्ट सैल होताच दोन बॅटऱ्या असूनही आपल्याकडे एकही नसते. दुसरी बॅटरी चार्जिंगपुरती डायोडमधून जोडावी, म्हणजे तिच्यातील वीज मागे वाहणार नाही, आणि तिच्यापासून इंजिनाच्या पुरवठ्यापर्यंत स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज व स्वतंत्र स्विच द्यावा. शॉटकी प्रकारच्या डायोडवर साधारण अर्धा व्होल्ट कमी होतो. चार्जिंगचा हिशेब करताना तो विसरू नये.

दुसरे उत्तर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण अल्टरनेटर केवळ बंदच पडतो असे नाही. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून त्याचे व्होल्टेज अनावर वाढले, तर ती वीज चार्जिंगच्या डायोडमधून दुसऱ्या बॅटरीकडेही सुखेनैव जाते, आणि इंजेक्शन आणि इग्निशन या दोन्हींची इलेक्ट्रॉनिक उपकरणे एकाच वेळी जळू शकतात. त्यामुळे सुमारे १६ व्होल्टवर अल्टरनेटरचे फील्ड (त्यातील चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलचा पुरवठा) तोडणारे संरक्षण असल्याशिवाय बाकीच्या दुहेरी मांडणीला फारसा अर्थ राहत नाही.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे १३ व्होल्टच्या खाली लुकलुकणारा, डोळ्यांसमोरच बसवलेला दिवा. चालू अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो; तो बंद पडल्याचे वैमानिकाला अर्ध्या तासाने कळले, तर दीड तासातील एक तासच उरतो. लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्यायचा विचार असेल, तर तिचे व्होल्टेज अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहते आणि मग तिचे संरक्षक सर्किट तिला एकदम तोडते, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्ता

इंजिनावर व्हॅक्यूम पंपाची जागा मोकळी आहे. तिथे स्थायी चुंबकाचा ८ अँपिअरचा छोटा अल्टरनेटर बसवला, तर दुसरी बॅटरी टाळता येईल का?

पहिल्या उत्तराचे लेखक

आपली गरज १४ अँपिअरची असल्यामुळे उरलेले ६ अँपिअर बॅटरीतूनच जातील. तरीही वेळ दुपटीहून अधिक वाढतो, आणि रेडिओ-उपकरणे बंद केली तर तूट ३ अँपिअरवर येते. मुख्य कॉन्टॅक्टरची कॉइलच जवळपास एक अँपिअर घेते; म्हणून आणीबाणीत तो बंद करून पर्यायी तारेने पुरवठा घेता आला पाहिजे. तरीही पहिली बॅटरीच आतून तुटली, तर हा अल्टरनेटर एकट्याने इंजिन सांभाळू शकणार नाही. तेव्हा लहान का होईना, दुसरी बॅटरी ठेवावीच.

निर्णय कोणताही घ्या, पण वेळ कागदावर ठरवू नका. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी विमानातून काढून तिला मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे तीन दिवे जोडा. वापर जवळजवळ आपल्या १४ अँपिअरइतकाच होतो. व्होल्टेज ११ वर येईपर्यंतची मिनिटे नोंदवा, चाचणी दरवर्षी करा, आणि मिनिटे आपल्याला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी भरली की ती बॅटरी बदला, मग ती इंजिन कितीही जोमाने सुरू करत असो.