जुने शिलाई मशीन: आधी तपासणी, मग निर्णय

जुने मशीन टाके सोडते आणि दोरा वारंवार तोडते, म्हणून ते काढून नवे घ्यावे का, या प्रश्नावर बहुतेक जण नव्याच्या बाजूने कौल देतात. मला तो थोडा घाईचा वाटतो. टाके सुटण्यामागे बऱ्याचदा बोथट, वाकलेली किंवा उलटी बसवलेली सुई असते. सुई बदलूनही दोष राहिला, तर सुईखाली फिरणाऱ्या शटल या भागाचे टोक सुईच्या छिद्राजवळून योग्य क्षणी जाऊन दोरा उचलते की नाही, हे जाणकार कारागिराकडून पाहून घ्यावे, कारण ही जुळणी पुन्हा करता येते. बॉबिन केसखाली (खालच्या दोऱ्याचे रीळ बसते त्या डबीखाली) साचलेले तंतू काढून मशीनचे तेल दिल्यावर चाक पुष्कळदा हलके फिरू लागते (स्वयंपाकाचे तेल मात्र कधीही घालू नये, ते सुकून चिकट होते).

बिडाच्या सांगाड्याचे जुने मशीन जाड कापडावर सरळ टीप जितकी स्थिर घालते, तितकी प्लास्टिकचे गिअर असलेली हलकी मशीन क्वचितच घालतात. मात्र ताणले जाणारे होजिअरीचे कापड नियमित शिवायचे असेल किंवा मशीनवरच काज करायचे असतील, तर झिगझॅग म्हणजे नागमोडी टाका हवा, आणि केवळ सरळ टीप घालणाऱ्या मशीनला तो दुरुस्तीने मिळणार नाही. तेव्हा नवे जरूर घ्यावे. जागा असल्यास जुने जाड कामासाठी ठेवावे.