खाजनाचा बांध एका उधाणात कसा फुटतो?

खाजनप्रेमी: गोव्यात मांडवीकाठच्या खाजनांच्या (भरतीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतांच्या) बांधांत कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं वर्षानुवर्षं असतात, पाणी झिरपतं, कुणाचं काही बिघडत नाही. मग एका उधाणाला पाच-सहा मीटर बांध जातो. बोटभर बिळाचं एवढं कसं होतं? आधी काही खूण दिसते का?

चिकणमाती: आत-बाहेर पाण्यात 1 मीटर फरक धरा. 2 इंची बिळातून सेकंदाला साधारण 5 लिटर येतं, 4 इंचीतून 20. पाणी वाढलं की माती जास्त जाते, माती गेली की बीळ रुंदावतं, की पुन्हा पाणी वाढतं. वरचा चिखल कमानीसारखा तग धरतो, म्हणून बांध बाहेरून ठणठणीत दिसतो. कमान बसली की खिंडार. खूण एकच: पाणी नितळ असेल तर नजर ठेवा, गढूळ झालं तर माती निघायला लागली, त्याच भरतीला हात घाला.

पोंयकार: आणि शेताच्या बाजूने बोळा कोंबू नका! पाणी शेजारून वाट काढतं. भरती चालू असेल तर शेताकडच्या तोंडाभोवती मातीच्या पोत्यांचं कडं करा, आत पाणी चढू द्या. दाबातला फरक घटला की ते नितळ होतं. ओहोटीला नदीच्या अंगाने बीळ शेवटापर्यंत खणा आणि चिकण चिखल 10-15 सेंमीच्या थरांनी धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकत भरा. काँक्रीट नको, त्याच्या कडेने फट राहते.

खिंडार पडलंच तर भांगाच्या (भरती सगळ्यात कमी चढते त्या) दिवसांत, अष्टमीच्या आसपास बुजवा. दोन्ही टोकांकडून पुढे सरकलात तर उरलेल्या फटीत वेग वाढून तळ खरवडतो. तळापासून आडवे थर चढवा. खड्डा खोल असेल तर त्याला वळसा घालून घोड्याच्या नालेच्या आकाराचा बांध घाला.

खाजनप्रेमी: बांध बुजला की शेत पूर्ववत?

चिकणमाती: छे. मातीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की साध्या भाताचं उत्पन्न दर एककाला सुमारे 12 टक्के घटतं. कोरगूट हा खाजनातला स्थानिक भात मीठ जास्त सोसतो, म्हणून आधी तोच लावा. पावसाचं पाणी कोंडून ओहोटीला मानशीतून (बांधातल्या, भरतीला मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या दारांतून) सोडत राहिलात तर मीठ धुवून जातं. पण खिंडार काही वर्षं तसंच राहिलं तर खारफुटी रुजते, आणि ती सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नियमांखाली संरक्षित. परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांध बांधून झाला तरी शेत मिळत नाही ते असं.

पोंयकार: मासळीसाठी मानशीचा लिलाव करताना एक अट कागदावर घ्याच: भरतीला दारं बांधून उघडी ठेवायची नाहीत.