समुद्रससा चालतो, मग सालीवरची ऊ का नको?

राम राम मंडळी. भाचीच्या प्रोजेक्टसाठी प्राण्यांची नावं मराठीत करून देतोय, दोन ठिकाणी अडलो. एक 'सी हेअर', म्हणजे अंगावर शंख न दिसणाऱ्या समुद्री गोगलगाईतला प्रकार, डोक्यावर सशाच्या कानासारखी दोन शिंगं, डिवचलं की जांभळी शाई सोडतो. याच्यावरच आठवणी कशा बनतात याचा अभ्यास करून एरिक कँडेल यांना २००० चं नोबेल मिळालं, म्हणून शब्द पाहिजेच. 'समुद्रससा' लिहिला आणि बिनधास्त लिहिला, आपल्या गोगलगाईत तरी कुठे गाय असते.

दुसरा 'बार्कलाइस'. जेमतेम काही मिलिमीटरचा किडा, झाडाच्या सालीवर राहतो. शब्दशः केलं तर 'सालीवरची ऊ'. इथे मात्र हात थांबला. आमच्या लिंबाच्या खोडावर हे किडे मेंढरांच्या कळपासारखे सोबत सरकत होते, काका लगेच फवारणीचा पंप काढायला निघाले, आणि ते बिचारे झाडाला काहीच करत नाहीत, सालीवरचं शेवाळ, बुरशी, दगडफूल खाऊन राहतात. ऊ म्हटलं की माणूस मारायलाच धावतो ना. समुद्रससा वाचून कोणी फसणार नाही, ऊ वाचून फसेल. म्हणून 'सालकिडा' कसा वाटतो?

—

भाऊ, जळगावकडच्या शेतकऱ्याला 'सालकिडा' सांगाल तर तो साल खाणारी अळीच समजेल, पेरू-बोरीच्या खोडात भोक पाडून राहते ती. मग पंप निघालाच. आणि नुसत्या रूपावरून नाव दिलं म्हणून शब्द वाईट ठरत नाही, कपाशीवरच्या 'पिठ्या ढेकणा'ला आपण ढेकूण म्हणतोच की, गादीतला कोणी समजत नाही. दुसरं म्हणजे सशाचं आणि समुद्रसशाचं नातं काहीच नाही, पण डोक्यातल्या उवा या सालीवरच्या किड्यांच्याच गोतावळ्यातल्या आहेत, त्यांच्यातूनच पुढे फुटलेल्या. म्हणजे तुम्ही खोडलेला शब्द नात्याने जास्त खरा आहे.

—

नात्याचं माहीत नव्हतं, पटलं. तरी शेतात नातं कोण बघतं भो, शब्द ऐकून पंप निघतो का तेवढंच बघतात. फुलात राहतात ते फुलकिडे, तसं खाण्यावरून 'शेवाळकिडे' करतो. काकांना म्हणून पाहिलं, त्यांनी विचारलं, "म्हणजे शेवाळ खातात का?" पंप खाली ठेवला होता.